टोकियोतलं यूआरचं भाड्याचं घर : तीन वर्षं राहून झाल्यावर

निशि-कासाई, टोकियोचा एदोगावा वॉर्ड. सातवा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडं महिना १,०२,००० येन. मार्च २०२० ते मार्च २०२३ आम्ही तिघं तिथं राहिलो. मी, नवरा आणि लेक, जी राहायला गेलो तेव्हा चार वर्षांची होती. घर यूआरचं. यूआर म्हणजे सरकारच्या अखत्यारीतली घरांची संस्था. १९५५ साली युद्धानंतरच्या घरटंचाईत जी सरकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तिचंच २००४पासूनचं रूप. आपल्याकडे म्हाडा म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्याच्या जवळपासचं काहीतरी. फक्त इथं घर विकत घ्यायचं नसतं, भाड्यानं मिळतं, आणि बहुतेक घरांना सोडत नसते. रिकामं घर दिसलं, अटीत बसलात, की पहिला येईल त्याचं.

आता मी गुहागरला, खालच्या पाटात आमच्या घरी असते. गेल्या महिन्यात चुलतवहिनी दुपारची आली. तिची मुलगी केअरगिव्हर म्हणून जपानला निघाली आहे, भाषेची परीक्षा झाली, कागद चालू आहेत. वहिनी पडवीत बसली आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं, "आपल्याला घर देतील काय गो तिथं?" पगाराचं नाही, थंडीचं नाही, आधी घराचं. मी सांगायला लागले ते दिवेलागणीपर्यंत चाललं. मग मुलीच्या क्लासमधल्या आणखी चौघींचे फोन आले. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी: यूआरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण उत्पन्नाच्या अटीसाठी कापलाय, त्याबद्दल खाली आहेच. पण साडेचार का, ते कळायचं तर आधी मी यूआरच्या दारात पोचेपर्यंत काय झालं ते सांगायला हवं.

आम्ही नोव्हेंबर २०१९मध्ये गेलो. मी यंत्रांची ड्रॉइंगं काढणारी इंजिनियर, कंपनीने पहिले तीन महिने महिन्याच्या बोलीवरची खोली दिली होती. जानेवारीत घर शोधायला सुरुवात केली. हा तिथला सगळ्यात गर्दीचा हंगाम, कारण एप्रिलमध्ये शाळा-कॉलेजं आणि नोकऱ्या नव्याने सुरू होतात आणि सगळा देश फेब्रुवारी-मार्चमध्ये घरं बदलतो. स्टेशनजवळच्या एका दलालाच्या दुकानात गेलो. मुलगा तरुण, अतिशय सभ्य. कॉम्प्युटरवर घरं दाखवली, आम्ही अकरा निवडली. मग त्याने आमच्यासमोर बसूनच एकेका मालकाच्या ऑफिसला फोन लावला.

प्रत्येक फोनमध्ये नमस्कार-चमत्कार झाले की तो एक वाक्य म्हणायचा: "गाइकोकु नो काता देसु गा..." परदेशी व्यक्ती आहेत, पण... 'काता' हा आदराचा शब्द आहे. म्हणजे आपण 'माणूस' न म्हणता 'गृहस्थ' म्हणावं तसा. मला तेव्हा जपानी फार येत नव्हतं, पण ते वाक्य तिसऱ्या फोनला पाठ झालं. वाक्यानंतर तो गप्प व्हायचा, मान हलवायचा, फोन ठेवून आमच्याकडे वळून वाकायचा. अकरापैकी आठ 'नाही'. आमचा पगार किती, नोकरी कुठं, मूल आहे का, हे त्या आठांपैकी एकानेही विचारलं नाही.

ते वाक्य मला जड गेलं याचं कारण निराळं होतं. आमच्या मागीलदारी दोन खोल्या आहेत, माझ्या आजोबांच्या वेळेपासून भाड्याने दिल्या जातात. मी सहावीत असताना मराठवाड्यातून बदली होऊन आलेले एक शिक्षक विचारायला आले होते. बाबांनी आडनाव विचारलं, आणि मग खोल्या रंगवायच्या आहेत, दिवाळीनंतर बघू, असं सांगितलं. खोल्या रंगवायच्या नव्हत्या. ते मास्तर नंतर आम्हाला गणित शिकवायला होते. टोकियोतल्या त्या खुर्चीवर बसून मला त्यांचा अंगणातून बाहेर पडतानाचा पाठमोरा सदरा आठवत होता.

हे आमच्यापुरतं घडलं असं नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी केली होती, तिचे आकडे २०१७ साली आले. मागच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधलं होतं, त्यांतल्या ३९.३ टक्क्यांना परदेशी म्हणून घर नाकारलं गेलं होतं. ४१.२ टक्क्यांना जपानी जामीनदार नाही म्हणून. २६.८ टक्के लोक 'परदेशी चालणार नाहीत' असं वाचूनच मागे फिरले होते.

मालक असं का करतात हेही मी पुढे समजून घेतलं, आणि ते समजून घेतल्याशिवाय तिथली पद्धत कळत नाही. आपल्याकडे अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असतं. मुदत संपली, मालकाने नको म्हटलं, की सामान उचलायचं. जपानमधला साधा भाडेकरार तसा नाही. दोन वर्षांचा करार लिहिलेला असला तरी मुदत संपल्यावर मालकाला सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही, कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. एकदा आत आलेला माणूस सहज बाहेर काढता येत नाही, म्हणून सगळी चाळण दारातच लागते. भाडं थकवून मायदेशी निघून जाईल, कचरा कसाही टाकेल, रात्री गोंधळ करेल, आणि काही झालं तर बोलायचं कोणत्या भाषेत, ही भीती त्या चाळणीत बसलेली असते. भीती समजते. पण पगाराची स्लिप न बघता, समोर बसलेल्या माणसाला एक प्रश्नही न विचारता दिलेला नकार मला अजूनही समजत नाही. (तेइकी-शाक्का नावाचा मुदतबंद करारही असतो, तो मात्र तारखेला संपतो. भाडं कमी दिसलं की आधी हा शब्द कागदावर आहे का ते बघा.)

तीन मालक तयार होते. त्यातलं एक घर आवडलं, भाडं ९८,००० येन. मग दलालाने खर्चाचा कागद पुढे सरकवला. शिकिकिन, म्हणजे अनामत, एक महिना: ९८,०००. रेइकिन एक महिना: ९८,०००. दलाली एक महिना आणि वर दहा टक्के कर: १,०७,८००. होशो-गाइशा, म्हणजे भाडेकरूचा जामीन राहणारी कंपनी, तिला अर्धा महिना: ४९,०००. आगीचा विमा दोन वर्षांचा: १८,०००. कुलूप बदलणं: १६,५००. आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. एकूण ४,८५,३०० येन, किल्ली हातात यायच्या आधी.

यातलं रेइकिन आपल्या लोकांना समजावताना मी 'पागडी' म्हणत असे, पण ते बरोबर नाही. गिरगाव-परळच्या चाळींत आपल्या चाकरमान्यांनी पागडी दिली ती भाडेकरूचा हक्क मिळवायला. रेइकिनने काहीच मिळत नाही. शब्दशः ते 'आभाराचे पैसे' आहेत, मालकाने घर दिलं म्हणून. परत येत नाहीत, पुढच्या भाडेकरूकडून पुन्हा घेतले जातात. शिवाय टोकियोच्या बाजूला दर दोन वर्षांनी करार पुढे चालू ठेवायचे कोशिन-र्यो म्हणून साधारण आणखी एक महिन्याचं भाडं जातं.

आम्ही तेही भरायला तयार झालो. अर्ज केला, दलालाकडे एक रक्कम ठेवली. आठ दिवसांनी जामीन कंपनीचा नकार आला: आणीबाणीला फोन करता येईल असा जपानमध्ये राहणारा आणि जपानी बोलणारा नातेवाईक नाही. आमचे नातेवाईक गुहागरला आणि चिपळूणला. ठेवलेली रक्कम परत मागितली तर "विचारून सांगतो" असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला मी ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंना बरोबर नेलं, आणि पैसे मिळाले. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, तुम्हाला असावं: करार झाला नाही तर अर्जाच्या वेळी दलालाकडे ठेवलेले पैसे परत करणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. पावतीवर 'आझुकारि', म्हणजे ठेव, असं लिहून घ्यायचं.

त्याच बाईंनी परत येताना ट्रेनमध्ये विचारलं, "यूआर बघितलंत का?"

शनिवारी यूआरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं ते एवढंच: किती माणसं, झाइर्यू कार्ड आहे का, पगाराचा दाखला आहे का. झाइर्यू कार्ड म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या प्रत्येकाला मिळतं. मी फोनची वाट बघत होते. त्या आत कुणाला तरी फोन लावतील आणि ते वाक्य म्हणतील, म्हणून कान तिकडे होते. त्यांनी फोन लावलाच नाही. नियमांचा कागद पुढे ठेवला आणि आम्ही कोणत्या रकान्यात बसतो तिथं पेन्सिलने गोल केला. मी नवऱ्याकडे बघितलं, तोही माझ्याकडे बघत होता.

यूआरमध्ये रेइकिन नाही. दलाली नाही, कारण दलालच नाही. दर दोन वर्षांचे कोशिन-र्यो नाहीत, करार आपोआप पुढे चालतो. जामीनदार नको, जामीन कंपनीही नको. अनामत मात्र दोन महिन्यांची. आमचे २,०४,००० येन आणि त्या महिन्याच्या उरलेल्या दिवसांचं भाडं, एवढ्यात किल्ली हातात आली. आधीच्या कागदाच्या निम्म्याहून कमी, आणि त्यातला मोठा भाग परत मिळणारा.

आता तो अर्धा गुण. जामीनदार नको याची किंमत म्हणजे उत्पन्नाची अट. आम्ही घेतलं तेव्हाचा हिशेब असा होता: कुटुंबासाठी, भाडं ८२,५०० येनपेक्षा कमी असेल तर महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या चौपट हवं, त्याच्या वर दोन लाखांपर्यंतच्या भाड्याला ३,३०,००० येन. एकट्या माणसाला ६२,५००च्या खाली चौपट, वर २,५०,०००. हे जमत नसेल तर भाड्याच्या शंभरपट शिल्लक बँकेत दाखवायची, नाहीतर वर्षभराचं भाडं आधी भरायचं. माझा पगार अटीच्या जेमतेम वर होता. पण ज्या मुलीला महिना दोन लाख येन मिळणार, तिला पन्नास हजारांपर्यंतचंच घर मिळेल, आणि टोकियोच्या मध्यवर्ती वॉर्डांत त्या भाड्याचं घर शोधून सापडत नाही. उपनगरांत, जुन्या वसाहतींत सापडतं, तिथं अनेक इमारती पाच मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या. ज्यांना खासगी मालक सगळ्यात आधी नाकारतात त्या तरुण, एकट्या, कमी पगाराच्या माणसाला हे दार अर्धंच उघडं आहे. मला हे मनापासून खटकतं.

निशि-कासाईबद्दल थोडं. २००० सालच्या सुमारास कॉम्प्युटरमधल्या तारखांच्या अडचणीसाठी भारतातून इंजिनियर नेले गेले, त्यातले बरेच इथं राहिले, आणि राहिले त्याचं एक कारण यूआरच्या वसाहतीच. तोझाई लाइनने मध्य टोकियोतली बँकांची ऑफिसं जवळ. (ती लाइन सकाळी इतकी भरते की विरार लोकल केलेल्या माणसालाही फरक जाणवत नाही.) २०१९च्या एप्रिलमध्ये योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आला. डाळी-पीठं, कढीलिंब सगळं मिळतं. आमसुलं आणि तिरफळं मात्र घरून न्या.

किल्ली घेऊन दार उघडलं तर घरात खरोखर काहीच नव्हतं. छताला दिवे नाहीत, फक्त दिवा अडकवायची खोबण. शेगडी नाही, पडदे नाहीत, एसी नाही. हे कुणी चुकवलेलं नसतं, यूआरचं घर बहुधा असंच मिळतं. पहिल्या संध्याकाळी आम्ही मोबाइलच्या उजेडात पोहे खाल्ले. शेगडी घेताना इमारतीत पाइपचा गॅस आहे की सिलिंडरचा ते बघून घ्या, दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा घरात कुणीतरी असावंच लागतं, म्हणून ती वेळ राहायला जायच्या आधी ठरवा. आणि नव्या पत्त्याची नोंद चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात करायची, पत्ता कार्डाच्या मागे छापून देतात.

एक खोली तातामीची होती. तातामी म्हणजे जाड गाद्यांसारख्या चटया, वर लव्हाळ्यासारख्या गवताचं विणकाम. पावसाळी हवेत त्यांना एक ओला, हिरवा वास सुटतो. आमच्या माजघरात श्रावणात चटया उलगडल्यावर यायचा तसाच. लेक पहिल्या रात्री त्या वासात लगेच झोपली. दारात गेनकान, म्हणजे चपला काढायची खालची जागा आणि मग पायरी. खळ्यातून पडवीत चढल्यासारखं. घर लहान होतं, ४८ चौरस मीटर, पण कुठं काय काढायचं आणि कुठं काय ठेवायचं हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

आम्ही राहायला गेलो आणि दोन आठवड्यांत, ७ एप्रिलला, टोकियोत कोरोनामुळे आणीबाणी जाहीर झाली. इकडे लॉकडाउन, बाबा गुहागरला एकटे. त्या दोन खोल्यांतून आम्ही क्वचितच बाहेर पडलो. त्या महिन्यांत सातव्या मजल्यावरची गॅलरी हेच अंगण होतं.

जूनमध्ये त्सुयु सुरू झाला, म्हणजे तिथला पावसाळा. आणि इथं माझी चूक झाली. कोकणात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं की कपाट भिंतीला चिकटवायचं नाही, वीतभर जागा सोडायची, उघडीप मिळाली की दारं-खिडक्या उघडायच्या. मी जागा वाचवायला कपाट बाहेरच्या भिंतीला घट्ट लावलं. जुलैत हलवलं तर मागच्या भिंतीला चिकटवलेला कागद काळा पडलेला. जपानमध्ये जुलै २००३नंतर बांधलेल्या घरांत चोवीस तास हवा खेळती ठेवणारी यंत्रणा कायद्याने लागते, त्याआधीच्या इमारतींत तुम्हालाच खिडकी उघडावी लागते. आणि नियम असा आहे की भिंतीला पाणी सुटतंय हे दिसूनही पुसलं नाही, कळवलं नाही आणि बुरशी वाढली, तर ती भाडेकरूची जबाबदारी. मी अल्कोहोलने पुसलं, फोटो काढले, त्याच दिवशी कळवलं. पुढची दोन्ही वर्षं सकाळी उठल्यावर पहिलं काम खिडक्या उघडायचं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे तेलाचे डागही त्याच नियमात येतात. तिथल्या शेगडीत मासे भाजायचा कप्पा असतो. साबा हा मासा आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. मीठ, हळद, तिरफळ लावून त्या कप्प्यात भाजला की तळणाचा वास आणि तेल दोन्ही वाचतं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, काल काय भाजलं होतं. मला वाटलं तक्रार आहे. त्यांना ती हळद हवी होती.

दांची, म्हणजे अशी वसाहत, तिची एक गावकी असते. जिचिकाई म्हणतात. वर्गणी थोडी, काम बरंच: गवत काढणं, कचऱ्याच्या जागेवरची कावळ्यांसाठीची जाळी नीट लावणं, भूकंपाची कवायत. आमच्या वसाहतीत बहुतेक म्हातारी माणसं. पहिला महिना कुणी बोललं नाही. मग एका रविवारी सकाळी गवत काढायचा कागद नोटीस-बोर्डावर दिसला. मी विळा मागून घेतला आणि बसले. लहानपणापासून वाडीत बेणणी केलेली, हात चालतो. दोन आजोबा थांबून बघत राहिले. त्यानंतर लिफ्टमध्ये सगळे बोलायला लागले. कचरा सकाळी आठच्या आत, ज्या वाराला जो असेल तोच. हे एवढं नीट पाळलं तर परदेशी भाडेकरूबद्दलच्या निम्म्या तक्रारी राहत नाहीत, असं तिथल्या सेक्रेटरी काकांनी मला सांगितलं.

आता पाण्याबद्दल. चिपळूणची माणसं हे माझ्यापेक्षा चांगलं समजतील.

एदोगावा वॉर्डच्या जमिनीचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. एका बाजूला अराकावा, दुसऱ्या बाजूला एदोगावा नदी, खाली समुद्र. मे २०१९मध्ये वॉर्डने पुराचा नकाशा घरोघर वाटला, त्याच्या पहिल्या पानावर वॉर्डच्या चित्रावरच लिहिलं होतं: 'इथं थांबून चालणार नाही'. वॉर्ड आपल्याच रहिवाशांना सांगत होता की मोठा पूर येणार असेल तर वॉर्ड सोडून दुसरीकडे जा. आम्ही पोचायच्या महिनाभर आधी, १२ ऑक्टोबर २०१९ला, मोठं वादळ येऊन गेलं होतं आणि शेजारी अजून त्या रात्रीबद्दल बोलत होते. घर निवडताना मी दोन मजले सोडून सातवा धरला. वाटलं, सातव्या मजल्यावर काय होतंय.

मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. माझी मावशी बाजारपेठेजवळ राहते. मी निशि-कासाईत पहाटेपासून फोन लावत होते, लागत नव्हता. मावशी वरच्या मजल्यावर होती, पाणी तिच्यापर्यंत पोचलं नाही. पण वीज नाही, प्यायला पाणी नाही, संडास चालत नाही, खाली उतरता येत नाही. ती सुखरूप आहे हे कळायला जवळजवळ दोन दिवस गेले. त्यानंतर मी तो वॉर्डचा नकाशा काढून पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं की पाणी एक-दोन आठवडे किंवा जास्तही उतरणार नाही. सातवा मजला पाण्याच्या वर असतो, पण त्या पाण्यात अडकलेलाच असतो. त्या रविवारी आम्ही कागदपत्रांची पिशवी भरून गेनकानमध्ये ठेवली आणि वॉर्डबाहेर कुणाकडे जायचं ते ठरवलं.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीपासून एक चांगली गोष्ट झाली आहे. करारापूर्वी परवानाधारक माणूस महत्त्वाच्या बाबी वाचून दाखवतो. तो आधी त्याचं ओळखपत्र दाखवतो, दाखवलं नाही तर मागा. त्यात आता पुराच्या नकाशावर ते घर नेमकं कुठं आहे हे दाखवणं सक्तीचं आहे. तो भाग जपानीत भराभर वाचला जातो. थांबवा आणि बोट ठेवून दाखवायला सांगा.

मार्च २०२३मध्ये घर सोडलं. यूआरला चौदा दिवस आधी कळवलं की पुरतं, खासगी घरांत बहुधा महिना. तपासणीला एक गृहस्थ आले, तक्ता घेऊन खोलीखोली फिरले. फुसुमाला, म्हणजे कागदी सरकदाराला, लेकीने पाडलेलं भोक आणि कपाटामागची ती भिंत, दोन्ही मी आधीच दाखवली. २,०४,०००पैकी २३,००० कापले, बाकी खात्यात आले. जपानमधलं बँक खातं अनामत येईपर्यंत बंद करू नका.

हे इतकं सरळ सगळ्यांचं होत नाही. रत्नागिरीचा एक मुलगा कावासाकीला खासगी घरात पाच वर्षं राहिला. सोडताना त्याच्याकडून सगळ्या भिंतींच्या कागदाचे १,४०,००० येन मागितले. तिथल्या बांधकाम मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं १९९८पासून आहेत आणि एप्रिल २०२०पासून दिवाणी कायद्यातच आहे की नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूने भरून द्यायची नाही. भिंतीच्या कागदाचं आयुष्य सहा वर्षं धरतात, सहा वर्षांनी त्याची किंमत एक येन उरते. त्याने पाच वर्षं वापरलेला. आम्ही दोघांनी बसून जपानीत पत्र लिहिलं, ते कलम आणि तो तक्ता जोडला. शेवटी २४,०००वर मिटलं. राहायला जायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक ओरखड्याचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. त्याच्याकडे ते होते म्हणून बोलता आलं.

परत आल्यावर मागीलदारच्या खोल्या मी बघते. आंब्याच्या बागेत राखणीला असलेलं एक नेपाळी जोडपं गेल्या वर्षी विचारायला आलं. बाबा पडवीत बसले होते. मी किती माणसं, काम कुठं, ओळखपत्र आहे का, एवढं विचारलं आणि खोली दाखवायला नेलं. बाबा काही बोलले नाहीत. दिवा नेमका गेला होता, तो त्यांनीच संध्याकाळी बदलून दिला.

वहिनीच्या मुलीला यूआर लगेच लागणार नाही. ती विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर जाते आहे, त्यात घराची सोय लावून देणं किंवा जामीन राहणं ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी असते. माणशी किमान ७.५ चौरस मीटर जागा हवी आणि त्या भाड्यावर नोकरी देणाऱ्याने नफा कमवायचा नाही, हेही नियमात आहे. मी तिला काही प्रश्न लिहून दिलेत. करार कुणाच्या नावावर? पगारातून घराचे नेमके किती कापणार? आणि नोकरी बदलली तर घर किती दिवसांत सोडायचं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो व्हिसा नोकरी बदलू देतो, पण घर नोकरीला बांधलेलं असेल तर मुली वाईट जागीही टिकून राहतात. तिथं वर्ष-दोन वर्षं झाली, थोडी शिल्लक पडली, की उपनगरातलं यूआर बघ, असंही सांगितलंय.

परवा तिचा मेसेज आला. गावाचं नाव कळलं, नदीकाठचं आहे. खोली एकटीची, ८ चौरस मीटर. कापणार ते ३०,००० येन. पुराचा नकाशा मी इथून काढून बघितला, तो भाग निळ्या रंगात आहे. मजला कोणता ते तिने विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही.